कोब्याखालचं खळं

सिमेंटला रंग द्यायचा नसतो, हे मला माझ्या धाकट्या दिरांनी सांगितलं. ते डोंबिवलीला राहतात आणि गावच्या घराचं काय करायचं ते तिथून ठरवतात. उंटावरून शेळ्या हाकायला जेवढी उंची लागते तेवढी त्यांच्याकडे आहे, वरच्या मजल्यावर ब्लॉक आहे त्यांचा.

शिमग्याला आले तेव्हा मोबाईलवर त्यांनी एक घर दाखवलं. भिंती सिमेंटच्या, जमीन सिमेंटची, स्वयंपाकाचा ओटा सिमेंटचा, बसायचा कट्टा सिमेंटचा. बाहेर अंगणही तसंच, आणि त्यात सिमेंटच्याच कुंडीत एक केविलवाणं झाड. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय. म्हटलं, "रंग कधी काढणार हे लोक?"

"वहिनी, हेच फिनिश आहे," भावोजी म्हणाले. "हल्ली सगळीकडे असंच करतात. आतबाहेर एकच जमीन. मध्ये पायरी नाही, उंबरठा नाही, काही नाही. आपलं घर असं करायचं. गणपतीला लोक बघत राहतील."

मी म्हटलं, "लोक बघतील ते मुंबईचे पैसे यायचे थांबले की काय म्हणून." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. आमचे हे बाजूला बसून शेंगा सोलत होते. भावाभावांत बोलायची वेळ आली की यांच्या तोंडात मिठाची गुळणी. हे रत्नागिरीला दुकानात कामाला, सकाळच्या एसटीने जातात ते दिवेलागणीला उगवतात. घरात दिवसभर मी आणि माझे सासरे, बाबा. तेव्हा जे काय व्हायचं ते आमच्या दोघांच्या पायाखाली होणार होतं.

आता बाबांचं सांगते. बाबांना काचबिंदू. आधी एक डोळा गेला, मागून दुसरा. ऊन कुठे आणि सावली कुठे एवढंच त्यांना कळतं. पण घरात आणि खळ्यात त्यांना कोणी हात धरलेला चालत नसे. यांनी एकदा दंडाला धरलं तर म्हणाले, "मी काय वासरू हाय, धरून न्यायला?" पुन्हा कोणाची टाप नव्हती.

आणि गरजही नव्हती. आमची न्हाणी आणि संडास खळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, फणसाजवळ. बाबा खाटेवरून उठले की पायाखाली गार शहाबादी फरशी. मग उंबरठा. मग पडवी, ती शेणाने सारवलेली, मऊ. मग जांभ्याची पायरी, खरखरीत. मग खळं. खळ्यातून सरळ गेलं की चिऱ्यांची ओळ लागायची, तिला टाच लावून वळलं की न्हाणीचं दार. पायाला कळायचं कुठे आलो ते. रात्री-अपरात्री, पावसात, कधीही जायचे आणि यायचे. डोळस माणूस ठेचकाळेल, बाबा नाही.

खळं म्हणजे, घाटावरच्यांसाठी सांगते, घरापुढचं अंगण. पण ते नुसतं असत नाही, दर वर्षी करावं लागतं. पावसात त्याचा चिखल होतो, गवत माजतं. चिखल फार झाला की त्यावरून चपटे चिरे टाकून वाट करायची. भात कापायच्या सुमाराला ते खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे लाकडाची जाड फळी, तिला दांडा. मग शेणाने सारवायचं. आमचं खळं बाबा करायचे. दिसायचं बंद झालं तरी तेच करायचे. बसल्या बसल्या मागे सरकत चोपत जायचे, मध्येच तळवा फिरवून म्हणायचे, "हितं उचललंय गो, पाणी मार." मी पाणी मारायची. गावात आमच्यासारखं खळं नव्हतं, हे मी सून म्हणून सांगत नाही, लोक बोलायचे.

ते खळं भावोजींना फोनवरच्या घरापुढे मागासलेलं वाटलं.

मी भांडले नाही असं नाही. तापेल म्हटलं, शेवाळ धरेल म्हटलं, पाणी कुठे जाणार म्हटलं. भावोजींचं एकच, "वहिनी, शेण किती वर्षं सारवणार? तुमचाच त्रास वाचेल." माझा त्रास! माझ्या त्रासाची त्यांना एवढी काळजी की मला न विचारता हातखंब्याहून खडीचा डंपर मागवला. बाबांना विचारलं, तर ते पोरापुढे काय बोलणार? हौसेने करतोय, करू दे, म्हणाले. बाबांच्या पायांचा विचार मात्र कोणाच्याच डोक्यात आला नाही, मी एवढी भांडखोर, माझ्याही नाही.

मे महिन्यात काम काढलं. भावोजी रजा घेऊन आले, कामावर उभे राहिले, फोटो काढले. गवंडी त्यांच्या ओळखीचा. होयबा नुसता. भावोजी म्हणाले आतबाहेर एक लेव्हल, तो म्हणाला एकच लेव्हल. खळ्यात भराव टाकला आणि खळं पायरीच्या वर आणलं. पायरी गेली. मी उंबरठ्यासाठी हटून बसले, घराला उंबरठा नाही म्हणजे काय, ती काय गोदी आहे? तेव्हा भावोजी म्हणाले, ठेवू या वहिनी, तुमच्या शब्दाबाहेर नाही. आणि ठेवला खरंच. फक्त दोन्ही बाजूंनी कोबा चढवून जमीन उंबरठ्याच्या बरोबरीला आणली. उंबरठा काढला नाही, बुडवला.

मग कोबा घोटला. कोबा म्हणजे सिमेंटची जमीन, आमच्याकडे पूर्वीपासून आहे, पण ती आपली न्हाणीत, पडवीच्या कोपऱ्यात. हा खोलीपासून खळ्यापर्यंत एकसंध. वर निरू मारून, म्हणजे नुसतं सिमेंट पाण्यात कालवून पसरून, थापीने असा घोटला की पाय सरकावा. गवंडी पाण्याची नळी धरून म्हणाला, "लेव्हल एक नंबर, वहिनी."

"ढाळ दिलास का?"

"दिलाय की. पण दिसणार नाय असा."

तो आम्हाला दिसला नाही आणि पावसाळ्यात पाण्यालाही दिसला नाही. पहिल्याच मोठ्या सरीला खळ्यातलं पाणी पडवीत आणि पडवीतलं माजघरात. आतबाहेर एकच जमीन, मग पाण्याने तरी भेदभाव कशाला करावा! मी गोणपाटं टाकून उंबरठ्याशी बांध घातला.

स्वयंपाकघरातल्या ओट्याची तर बातच सोडा. नवा सिमेंटचा ओटा, कडा गोल, दिसायला छान. त्यावर आगळाची वाटी लवंडली. आगळ म्हणजे कोकमाचा रस, आमच्या घरात रोज लागणारा. पुसेपर्यंत लाल डाग पडला, आणि घासला तर सिमेंटच खरवडलं. हळदीचा वेगळा डाग, तेलाचा वेगळा. बांगडे साफ केले की वास ओट्यात मुरतो, लिंबू चोळावं तर लिंबूही सिमेंट खातं. फोन केला. भावोजी म्हणाले, "वहिनी, त्यावर डायरेक्ट काही ठेवायचं नसतं." आग लागो त्या फिनिशला! ओट्यावर काही ठेवायचं नाही तर काय आरती करायची त्याची?

हे सगळं मी सोसलं असतं. खरंच सांगते, बडबडत सोसलं असतं. संसारात आपण काय काय सोसतो. पण बाबांचं झालं ते नाही.

काम चाललं होतं तोवर त्यांनी हात धरू दिला. "काम हाय तवर," असं बजावूनच. पुढे कोब्याला पाणी मारायचं होतं, मे महिना, विहिरीचा तळ दिसत होता, तरी कळशीने शेंदून शेंदून मी त्या जमिनीला पाजलं. डोंबिवलीहून रोज विचारणा, पाणी मारताय ना? मारतेय हो. मग एक दिवस गवंडी म्हणाला आता वापरा. बाबा म्हणाले, "चला, सुटलो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटे उठून गेले.

मी मागे विहिरीवर होते. परत आले तर खाट रिकामी, न्हाणीचं दार उघडं, आत कोणी नाही. बघते तर बाबा भलत्याच बाजूला, रस्त्याकडच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, तळवा टेकून उभे. लुंगी ओली झाली होती. मी जवळ गेले तसं तोंड फिरवून म्हणाले, "तू घरात जा."

"बाबा..."

"जा म्हटलं ना."

मी घरात गेले. मला रडू आलं आणि भयंकर राग आला, आणि रागाला धरायला तिथे कोणी नव्हतं. नंतर मी स्वतः डोळे मिटून खाटेपासून चालून बघितलं. काही कळेना. गुळगुळीत, गुळगुळीत, नुसतं गुळगुळीत. माजघर कुठे संपलं, पडवी कुठे संपली, बाहेर आलो कधी, काही नाही. अंगावर ऊन पडलं तेव्हा कळलं बाहेर आले, आणि पावसाळ्यात ऊनही नसतं. ज्या घरात त्या माणसाने जन्म काढला ते घर आम्ही त्याच्या पायाखालून काढून घेतलं होतं, तेही हौसेने.

भावोजींना फोन केला. म्हणाले, "सवय होईल, वहिनी. काठी द्या त्यांना." काठी दिली. पण काठीही बिचारी काय सांगणार? आत टक, बाहेर टक, सगळीकडे टक. मग मी पडवीच्या खांबापासून न्हाणीच्या दारापर्यंत सुंभाची दोरी बांधली, कमरेच्या उंचीला. बाबा एक दिवस ती धरून गेले. शेजारच्या काकी गडग्यावरून डोकावून म्हणाल्या, "कपडे वाळत घालायला फार खाली नाय गो बांधलीस दोरी?" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सोड ती दोरी, गुरांना बांधतात तशी.

त्यानंतर बाबा शहाण्यासारखे वागायला लागले. मला वाटलं, बरं झालं. सकाळी हे घरात असताना यांच्याबरोबर एकदा जायचे, संध्याकाळी हे आले की एकदा. दिवसभर खाटेवर नाहीतर त्या नव्या कट्ट्यावर. कट्टा भावोजींनी खास बाबांसाठी बांधून घेतला होता. "बाबा मस्त बसतील." बसले.

मग एक दिवस पेजेचं ताट उचलताना बघितलं, शितं खाल्लेली आणि वरचं पाणी तसंच. आमच्याकडे पेजेचं पाणीच आधी पितात. चहाचा कपही अर्धा. तांब्या रात्री भरून ठेवलेला, सकाळी भरलेलाच. मी विचारलं तर, "तहान नाय लागत." पावसाळी दमट हवेत माणूस नुसता बसला तरी घामाने भिजतो, आणि बाबांना म्हणे तहान लागत नाही! दोन-चार दिवसांत ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मला म्हणाले, "पाणी द्या हो त्यांना, पाणी का देत नाही?" मी! मी पाणी देत नाही! परत येताना रिक्षात मी विचारलं, "का नाही पीत हो?" भाट्याचा पूल आला तेव्हा म्हणाले, "प्यायलं की जावं लागतं."

एवढंच. त्या माणसाने पाणी सोडलं होतं. कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून. सुनेला, "मला न्हाणीत ने" असं म्हणावं लागू नये म्हणून.

मी गवंड्याला बोलावलं. म्हटलं, खाटेपासून न्हाणीपर्यंत कोब्याला टाचे मारून दे. टाचे म्हणजे छिन्नीने मारलेले खाचखळगे. प्लॅस्टर धरावं म्हणून भिंतीला मारतात तसे. तो दचकलाच. "एवढा घोटलेला कोबा, वहिनी! भाऊंना काय तोंड दाखवू?"

"तोंड नको दाखवू, छिन्नी ठेवून जा."

तीही ठेवली नाही मेल्याने. घरात नारळ सोलायच्या जागी एक जुनी छिन्नी होती, हातोडा होता. मी माजघरात खाटेशी बसले आणि ठोकायला लागले. पहिला घाव घातला तेव्हा, खोटं कशाला बोलू, जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या घावाला सिमेंटची कपची उडून गालाला लागली. चांगल्या घोटलेल्या कोब्याची एक गोष्ट मान्य करते, तो सहजासहजी फुटत नाही. संध्याकाळपर्यंत मी जेमतेम उंबरठ्याशी पोचले होते आणि तळहाताला फोड आले होते.

"काय ठोकतेस गो?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"वाट करतेय तुमची."

ते उठले. खाटेखाली पाय सरकवला, खरखर लागली, पाऊल पुढे टाकलं, पुन्हा लागली. दुसऱ्या दिवशी मी पडवीत ठोकत होते तेव्हा येऊन माझ्यामागे उभे राहिले आणि पायाने चाचपत सांगायला लागले. "हितं नको फोडू, हितं सरळच हाय. हां, हितं आडवे दोन घे. म्हणजे कळंल पायरी होती." खळ्यात वळायचं होतं तिथे पाचही बोटं टेकवून म्हणाले, "हितं मोठा खड्डा कर. टाच बसली पायजे." मी केला. आम्ही दोघं मिळून तो एक नंबर लेव्हलचा कोबा फोडत होतो आणि वरून पाऊस भुरभुरत होता.

हे रात्री घरी आले, बॅटरी मारून बघितलं आणि कट्ट्यावर बसले. "भाऊ काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. आज बाबा दोन तांबे पाणी प्यायले."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी न्हाणीच्या दाराशी राहिलेला तुकडा यांनीच ठोकला, हे मला सांगायला हवं.

गणपतीला भावोजी आले. खांद्यावर मखराचं सामान, पुढे चार पावलं, आणि थबकले. पावसाने सगळा कोबा हिरवा-काळा झाला होता, मी खराट्याने घासून घासून कुठे कुठे मूळ रंग दिसत होता, आणि त्यातून ती वेडीवाकडी खरवडलेली वाट. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"कोणी केलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला कळतं का काय केलंत? मी किती... एकदा सांगायचं होतं मला!"

"सांगितलं होतं. सवय होईल म्हणालात."

"अहो, भिंतीला पाइप लावून दिला असता! टॉयलेट आत बांधलं असतं! काहीही केलं असतं, त्यासाठी एवढी जमीन..." आवाज चढला होता. माझाही चढणार होता, मी पदर खोचलाच होता. हे भावोजींच्या खांद्यावरचा एक गठ्ठा उतरवून त्याची दोरी सोडवत बसले.

तेवढ्यात बाबा आतून निघाले. काठी नाही, काही नाही. अनवाणी, टाच्यांवरून पाय घासत, उंबरठ्याच्या खुणेवर जरा थांबून, पडवीतून, आडव्या रेघांवरून, आमच्या तिघांच्या मधून खळ्यात उतरले. म्हणजे उतरायला पायरी नव्हती, पण ते उतरल्यासारखंच पाऊल टाकतात अजून. वळणाच्या खड्ड्यात टाच रोवली, वळले, न्हाणीत गेले. आतून कडी लागली.

भावोजी मखराचं उरलेलं सामान खांद्यावर घेऊन उभेच.

कडी निघाली. बाबा तसेच परत यायला लागले. खळ्याच्या मध्यावर आले आणि थांबले. भावोजी सामान टाकून धावले, दंड धरायला हात पुढे केला. बाबांनी मान न वळवताच तो बाजूला केला.

"खळ्यात आलो काय रे?" त्यांनी विचारलं.

"खळ्यातच आहात, बाबा," भावोजी म्हणाले. "बरोब्बर मध्ये उभे आहात."

बाबांनी वाट सोडून एक पाऊल बाजूला टाकलं. घोटलेल्या कोब्यावरून तळपाय इकडून तिकडे फिरवला.

"नाय वाटत," म्हणाले, आणि पायाने टाचे शोधून घराकडे गेले.